घरावरचा ताण मुलापर्यंत पोचतो ती वाट : ६ ते १२ वयाच्या मुलांच्या पालकांसाठी

६ ते १२ वयाची मुलं म्हणजे घरातली सगळ्यांत कमी त्रास देणारी माणसं. ती रात्री जागवत नाहीत, हात सोडून रस्त्यावर धावत नाहीत, आणि वयात येण्याच्या काळातली धुसफूस अजून लांब असते. त्यामुळे घरात काही बिनसलं की सगळ्यांचं लक्ष तान्ह्या बाळाकडे जातं, आजारी माणसाकडे जातं, आणि नऊ वर्षांच्या पोराबद्दल ‘त्याला काय कळतंय, खेळतोय आपला’ असं म्हणून मोठी माणसं मोकळी होतात.

त्याला कळत असतं. कुजबुज कळते, फोनवरचा बदललेला आवाज कळतो, आईबाबा एकमेकांकडे न बघता बोलतायत हेही कळतं. फक्त त्याचा अर्थ लावायला लागणारा अनुभव त्याच्याकडे नसतो. मग अर्धं ऐकलेलं आणि अर्धं कल्पनेतलं जोडून ते गोष्ट पूर्ण करतं, आणि त्या गोष्टीत बरेचदा चूक त्याची स्वतःची असते. शिवाय हेच वय स्वतःला इतरांशी ताडून बघण्याचं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते या टप्प्यावरचा मुख्य पेच आहे तो ‘मला जमतं’ आणि ‘मी कमी पडतो’ यांच्यातला. ज्या वर्षांत मूल स्वतःबद्दलचं मत बनवत असतं, त्याच वर्षांत आपण त्याला गृहीत धरतो.

अमेरिकेत १९३० च्या दशकात महामंदी आली. त्या काळात वाढलेल्या मुलांच्या नोंदी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी पुढे बारकाईने तपासल्या. १९८० च्या दशकात आयोवा राज्यातले शेतकरी कर्जात बुडाले, तेव्हा रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांचा अभ्यास केला. दोन्हीकडे जवळपास एकच चित्र दिसलं. पैसा गेल्याचा बराचसा फटका मुलांना बसला तो मोठ्यांच्या वागण्यातून. आईबाबा खचले, चिडचिडे झाले, एकमेकांशी भांडू लागले. त्यांची शिस्त कधी कडक, कधी नुसतीच बेभरवशाची झाली. ज्या घरांत ही साखळी मध्येच तुटली, तिथली मुलं त्याच तंगीतही बरी राहिली.

या लेखातला प्रत्येक उपाय याच एका गोष्टीवर उभा आहे. ताण मुलापर्यंत एका वाटेने येतो आणि ती वाट आपल्यातून जाते. संकट थांबवणं पुष्कळदा आपल्या हातात नसतं. वाट अडवणं बऱ्याच प्रमाणात असतं.

पहिली पायरी : दोन आठवडे नुसतं बघा

उपाय सुचायच्या आधी एक वही घ्या. या वयाची मुलं ‘मला ताण आलाय’ असं म्हणत नाहीत, त्यांचं शरीर बोलतं. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. डोकं दुखतं, झोप लागत नाही, पेन्सिलीचं टोक मोडलं एवढ्यावरून रडू कोसळतं. धाकट्या भावंडाला विनाकारण चिमटे बसायला लागतात. आवडीचा खेळ एकदम ‘बोअर’ होतो.

हे दुखणं नाटक नसतं, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. ताणामुळे दुखणारं पोट खरंच दुखतं. डॉक्टरांना दाखवून शारीरिक कारण नाही याची खात्री करून घ्या. ‘काही नाही झालंय तुला, ऊठ’ हे वाक्य मात्र टाळा.

वहीत तीनच गोष्टी लिहा : काय झालं, किती वाजता, आणि त्याआधीच्या तासाभरात घरात काय चाललं होतं. तिसरा रकाना भरताना थोडं अस्वस्थ व्हायला होईल, तरी भरा. बहुतेक उत्तरं तिथेच सापडतात.

आणखी एका मुलाकडे लक्ष ठेवा, ते म्हणजे अचानक फार शहाणं झालेलं मूल. न सांगता सगळी कामं करणारं, काहीच न मागणारं, आईचा चेहरा बघून बोलणारं. अशा मुलाचं घरीदारी कौतुक होतं. मला त्याची जास्त काळजी वाटते, कारण ते घर सांभाळायला निघालेलं असतं आणि ते त्याचं काम नाही.

एकाच घरातली दोन भावंडं एकाच प्रसंगाला अगदी वेगळी सामोरी जातात, याचंही आश्चर्य वाटून घेऊ नका. थॉमस बॉइस आणि ब्रूस एलिस या संशोधकांनी काही मुलांना कुठेही तग धरणाऱ्या रानफुलाची आणि काहींना ऑर्किडची उपमा दिली. ऑर्किड प्रतिकूल हवेत लवकर कोमेजतं, पण चांगली निगा मिळाली तर इतरांपेक्षा जास्त फुलतं. ‘बघ, तुझी ताई कशी रडत नाही’ हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी आहे.

दुसरी पायरी : ओझ्यांची यादी करा आणि एक ओझं उतरवा

ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी कुटुंबातल्या सहा अडचणी घेऊन मुलांचा अभ्यास केला. त्यात आईवडिलांमधली तीव्र भांडणं, हलाखी, गर्दीचं घर, आईचा मानसिक आजार अशा गोष्टी होत्या. यांतली एकच अडचण असलेल्या मुलांमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण काहीच अडचण नसलेल्या मुलांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. दोन अडचणी एकत्र आल्या, तेव्हा मात्र ते सुमारे चौपट झालं.

याचा व्यवहारातला अर्थ मला फार दिलासा देणारा वाटतो. सगळं सुधारायची गरज नाही. चारांतली एक गोष्ट कमी केली तरी मुलाला खरा फरक पडतो.

एका कागदावर मुलाच्या आयुष्यात सध्या काय काय बदललंय किंवा बिघडलंय ते लिहा. आजोबांचं आजारपण, नवी शाळा, बाबांची रात्रपाळी, जिवलग मित्र दुरावला, तीन शिकवण्या. आता विचारा, यातलं काय पुढे ढकलता येईल, काय काढून टाकता येईल? आजारपण काढता येत नाही, पण एक शिकवणी काढता येते. घर बदलणं अटळ असेल तर शाळा वर्षअखेरीपर्यंत तीच ठेवता येईल का, बघा. घर दुःखात असताना स्पर्धा परीक्षेची तयारी थांबवली तर मुलाचं काही बुडत नाही.

तिसरी पायरी : स्वतःचा पारा

सगळ्यांत अवघड पायरी हीच आणि सगळ्यांत जास्त फळ देणारीही हीच. इथे घाई करू नका.

बाहेरून घरात शिरतानाची पहिली दहा मिनिटं धोक्याची असतात. डोक्यात दिवसभराचा राग असतो आणि दारातच पसारा दिसतो. मग पसाऱ्यावर निघालेला राग पसाऱ्याचा नसतोच. दाराबाहेर दोन मिनिटं थांबा, हातपाय धुवा, कपडे बदला आणि मग बोला. घरी सांगून ठेवा, ‘आल्यावर मला दहा मिनिटं द्या, मग मी तुमचा.’ शब्द पाळला की मुलं ती दहा मिनिटं आनंदाने देतात.

राग लपला नाही तर त्याला नाव द्या. ‘आज मी वैतागलेय. कामावर त्रास झाला. तुझं काही चुकलेलं नाही.’ मूल मनातल्या मनात जी चुकीची गोष्ट रचत असतं, ती या तीन छोट्या वाक्यांनी तिथेच थांबते. शेवटचं वाक्य विसरू नका, खरं काम तेच करतं.

आता रोजच्या झटापटीकडे बघू. तुम्ही म्हणता, ‘अभ्यासाला बस.’ मूल कुरकुरतं. तुम्ही आवाज चढवता, तेही चढवतं. शेवटी तुम्ही दमून ‘कर काय करायचं ते’ म्हणून निघून जाता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी अशा चक्राचा कित्येक वर्षं अभ्यास केला. त्यात मूल शिकतं की आकांडतांडव केलं की सुटका होते, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी मोठा माणूस शिकतो की ओरडलं तरच काम होतं. दोघंही एकमेकांना आरडाओरड शिकवत राहतात. ताणाच्या दिवसांत हे चक्र जोरात फिरतं.

ते तोडायचं तर सूचना कमी करा. दिवसाला वीस सूचनांऐवजी ज्यांवर खरंच ठाम राहायचंय अशा चारच द्या. जवळ जाऊन, नाव घेऊन, साध्या आवाजात, एका वेळी एकच सांगा. मूल कुरकुरलं तर कुरकुरीला उत्तर देऊ नका, तिथेच उभे राहा आणि तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणा. काम झालं की ‘बसलास लगेच, बरं झालं’ एवढं बोला. पहिला आठवडा कठीण जातो. मूल आधी जास्त ओढून बघतं, जुनी युक्ती अजून चालते का ते.

आणि तरीही तोल जाईल. प्रत्येक घरात जातो. मग काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. शांत झाल्यावर मुलाशेजारी बसा आणि म्हणा, ‘मघाशी मी ओरडलो ते चुकलं. गृहपाठ राहिला होता हे खरं, पण तसं बोलायला नको होतं.’ त्यापुढे ‘पण तूसुद्धा...’ जोडलंत की माफी संपली. काही पालकांना वाटतं, माफी मागितली तर धाक राहणार नाही. उलट, नातं ताणलं गेलं तरी पुन्हा सांधता येतं, हे मूल तुमच्याकडूनच शिकतं, आणि त्याच्या मैत्रीत ते त्याला उपयोगी पडतं.

चिडचिड आठवडे न् आठवडे चालली असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो स्वभावाचा दोष समजू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मायर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचारांनी ज्या आयांचं नैराश्य तीन महिन्यांत गेलं, त्यांच्या ७ ते १७ वर्षांच्या मुलांचे त्रासही कमी झालेले दिसले. मुलांवर वेगळा काही उपचार त्या प्रयोगात नव्हता. स्वतःकडे लक्ष देणं स्वार्थीपणाचं आहे असं वाटणाऱ्या प्रत्येक आईला आणि बापाला मला हे सांगावंसं वाटतं.

चौथी पायरी : भांडण मिटलेलंही दिसू द्या

‘मुलांसमोर भांडायचं नाही’ हा सल्ला सगळे देतात. तो पाळताना बऱ्याच घरांत बंद दाराआडची धुसफूस आणि जेवताना अबोला सुरू होतो. मुलांना अबोलाही तितकाच कळतो. मार्क कमिंग्ज यांनी अनेक वर्षं हाच विषय अभ्यासला. त्यांच्या प्रयोगांत मोठ्यांचं भांडण मिटलेलं बघितलं की मुलांची अस्वस्थता बरीच उतरायची. अर्धवट सुटलेलं भांडण मात्र त्यांना टोचत राहायचं.

मतभेद मुलासमोर सुरू झाला असेल तर तो मिटल्याचंही त्याच्यासमोर बोला. ‘काल आम्ही भांडलो ना, त्यावर बोललो आम्ही. या महिन्यात गावी जायचं नाही, पुढच्या महिन्यात जायचं, असं ठरलं.’ एवढं पुरे.

तीन गोष्टी मात्र कधीही नकोत. मुलाला निवाडा करायला बसवणं (‘तूच सांग, कोण चुकलं?’), त्याला निरोप्या करणं (‘जा, तुझ्या बाबांना सांग’), आणि जोडीदाराबद्दलची मनातली सल त्याच्याजवळ मोकळी करणं. शेवटची गोष्ट जवळिकीसारखी वाटते. त्या जवळिकीचा भार मूल वर्षानुवर्षं वाहतं.

घरात मारहाण होत असेल, तर या पायरीतलं काहीच लागू नाही. तिथे मुलासमोर काय बोलायचं हा प्रश्न नसतो, आधी सुरक्षित जागा आणि बाहेरची मदत हवी.

पाचवी पायरी : खरं सांगा, पेलेल इतकं

नोकरी गेली, कुणाला गंभीर आजार झाला, आईबाबा वेगळे होणार आहेत. मुलाला कधी आणि किती सांगायचं? माझं उत्तर : दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत, आणि चार वाक्यांत. काय झालं. त्यामुळे तुझं काय बदलेल. काय तसंच राहील. आणि यात तुझा दोष नाही.

‘बाबांची नोकरी सुटलीय. दुसरी मिळेपर्यंत आपण खर्च जपून करणार, म्हणून या वर्षी सहलीला जायचं नाही. तुझी शाळा तीच आहे, घर तेच आहे. हे कुणाच्या वागण्यामुळे झालेलं नाही आणि नोकरी शोधायचं काम आमचं आहे.’

मग गप्प बसा. मूल कदाचित ‘मग माझ्या सायकलचं काय?’ असं विचारेल. त्याला स्वार्थी म्हणू नका. या वयात मोठ्या बातमीचं माप स्वतःच्या दिवसातल्या वस्तूंवरूनच घेतलं जातं. सायकलबद्दल खरं उत्तर द्या. खरा प्रश्न दोन दिवसांनी, दिवे मालवल्यावर येईल, त्यासाठी जागे राहा.

‘सगळं ठीक होईल’ असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. ‘काय होतंय ते मी तुला सांगत राहीन’ हे वचन देता येतं आणि पाळताही येतं.

विभक्त होणाऱ्या पालकांसाठी एक आकडा. मेव्हिस हेदरिंग्टन यांच्या दीर्घ अभ्यासात घटस्फोट झालेल्या घरांतल्या सुमारे २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या. एकत्र राहिलेल्या घरांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. धोका वाढतो हे खरं. पण चारांतली तीन मुलं सावरली, हेही त्याच अभ्यासातलं सत्य आहे.

सहावी पायरी : दोर सैल, पण हातात

डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या पद्धतींची जी मांडणी केली, तिचा गाभा सोपा आहे. माया आणि नियम दोन्ही असलेल्या घरातली मुलं साधारणपणे चांगली वाढतात. नुसता धाक किंवा नुसते लाड पुरत नाहीत. अडचणीच्या काळात अपराधी वाटून आपण नियम सोडतो, नाहीतर धास्तीने सगळेच आवळतो. मुलाला मात्र तेव्हाच उद्याचा दिवस कालच्यासारखा असण्याची सगळ्यांत जास्त गरज असते. म्हणून निदान तीन गोष्टी हलू देऊ नका : उठायची वेळ, एक एकत्र जेवण आणि झोपायची वेळ. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि अपुऱ्या झोपेत मोठ्यांनासुद्धा राग आवरत नाही.

बाकी निर्णयांत मुलाला हळूहळू वाटा द्या. एलिनॉर मॅकोबी या वयाला मूल आणि पालक यांच्या सामायिक कारभाराचा काळ मानत. मूल घडीघडीचे निर्णय स्वतः घेतं, पालक लांबून लक्ष ठेवतात आणि मोठी चौकट सांभाळतात. गृहपाठ आधी की खेळ आधी हे त्याने ठरवावं. दोन्ही आठच्या आत झाले पाहिजेत, हे तुम्ही.

सातवी पायरी : त्याचा उपयोग आहे, हे त्याला कळू द्या

हवाई बेटसमूहातल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. यांतली जवळजवळ एक तृतीयांश मुलं गरिबी, जन्मावेळच्या अडचणी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकदम सापडलेली होती. त्यांच्यातलीही एक तृतीयांश मुलं सक्षम, आत्मविश्वासू आणि माया करणारी माणसं झाली. काय होतं त्यांच्याकडे? निदान एक भक्कम मोठा माणूस, आणि तो आई किंवा बापच असायचा असं नाही. आजी, काका, शिक्षिका, शेजारी, कुणीही. काहीतरी नीट जमणारं, मग ते लहानसं का असेना. आणि पुष्कळांकडे घरात ज्याची खरी गरज आहे असं काम होतं.

त्यातून करायच्या गोष्टी सरळ आहेत. मुलाला एक खरं काम द्या. रोपांना पाणी घालणं, आजीला औषधाच्या वेळेची आठवण करून देणं, असं काम, जे त्याने केलं नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल. नुसतं गुंतवून ठेवायला दिलेलं काम मुलं ओळखतात. पण धाकट्या भावंडाची किंवा दुःखी आईची पूर्ण जबाबदारी देऊ नका. काम मुलाच्या मापाचं हवं.

तुमच्याखेरीज दुसरा कोण माणूस आहे, ज्याच्याकडे मूल स्वतःहून जातं? त्याच्याशी बोला. ‘आमच्याकडे सध्या जरा कठीण दिवस आहेत, आठवड्यातून एकदा हिच्याशी गप्पा मारशील का?’ हे मागायला संकोच वाटतो. माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

कौतुक करताना ‘हुशार आहेस’पेक्षा ‘तीनदा खोडून पुन्हा मांडलंस ना गणित’ म्हणा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत बुद्धीचं कौतुक झालेली पाचवीतली मुलं अपयशानंतर लवकर नाउमेद झाली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

आणि मूल एखादी अडचण घेऊन आलं तर लगेच सोडवायला धावू नका. आधी विचारा, ‘हे आपल्याला बदलता येईल असं आहे की नाही?’ बाकावरचा मुलगा वही ओढतो, हे बदलता येतं. मग तीन उपाय त्यालाच सुचवू द्या, फोल वाटले तरी लिहून घ्या, एक करून बघू द्या. आजोबा गेले, हे बदलता येत नाही. तिथे उपाय नको, शेजारी बसणं हवं, रडू हवं, त्यांच्या आठवणी हव्यात.

आठवणींवरून सांगते. रॉबिन फिवुश आणि मार्शल ड्यूक यांना असं दिसलं की आपल्या कुटुंबाचा इतिहास जास्त माहीत असलेल्या मुलांना स्वतःबद्दल अधिक विश्वास वाटतो. तेव्हा पणजोबांचं नुकसान कसं झालं आणि मग त्यांनी काय केलं, तुम्ही कोणत्या परीक्षेत नापास झालात, हे सांगा. नुसत्या यशाच्या कथा नकोत. पडलेल्या आणि उठलेल्या माणसांच्या हव्यात.

मदत कधी मागायची

इतकं करूनही महिनाभरात उतार पडत नसेल, झोप, जेवण, शाळा किंवा मित्र यांपैकी काही सुटत चाललं असेल, मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ गाठा. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही ऐकलंत, तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी जा आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका.

मुलाला आदल्या दिवशी सांगा की कुठे जायचंय. ‘तुला दुरुस्त करायला’ नाही, तर ‘घरात सगळ्यांनाच जड जातंय, ते हलकं कसं करायचं हे विचारायला आपण दोघं जातोय.’ आणि निघताना ती दोन आठवड्यांची वही बरोबर घ्या. तिसरा रकानाही तज्ज्ञांना दाखवा.